पेटंट घेण्याआधी पेटंट वाचायला शिका

'हा आमच्या गुरुजींचा पेटंट विनोद!' असे आपण सहज म्हणून जातो. दरवर्षी तोच धडा, तेच वाक्य आणि त्याच ठिकाणी तोच विनोद. गृहपाठ न करणाऱ्या विद्यार्थ्याची 'पेटंट सबब'ही अशीच ठरलेली असते. मराठीने हा परका शब्द अगदी आपलासा करून घेतला, पण घेताना त्याचा अर्थ पार उलटा करून टाकला. कारण पेटंटची पहिली अटच अशी आहे की, ती गोष्ट यापूर्वी जगात कोठेही, कोणीही केलेली किंवा सांगितलेली नसावी. गुरुजींच्या विनोदाला कोणतेही पेटंट कार्यालय दारात उभे करणार नाही!

या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर आणखी गंमत वाटेल. 'उघडे असणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला आहे. इंग्लंडचा राजा एखाद्याला काही अधिकार देई, तेव्हा त्याचे पत्र मोहोर न फोडता कोणालाही वाचता येईल असे उघडे ठेवलेले असे. त्या उघड्या पत्रावरून हे नाव पडले. आपल्या परिभाषाकोशांनी पेटंटला 'एकस्व' असा प्रतिशब्द दिला आहे. शब्द छोटा आहे, चांगलाही आहे. पण त्यात एकाच्या मालकीचा अर्थ तेवढा उरला आणि उघडेपणाचा अर्थ गळून गेला. विद्यार्थी मित्रहो, माझे म्हणणे असे आहे की, हा गळून गेलेला अर्धा भागच तुमच्या अधिक उपयोगाचा आहे. 'पेटंट घ्या, पेटंट घ्या' असा उपदेश आज शाळा-कॉलेजांतून पुष्कळ होतो. 'पेटंट वाचा' असे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

आधी पेटंट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. येथेही मराठीतला एक शब्द आड येतो. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, अशी दोन वाक्ये आपण एका दमात लिहितो. पण हे दोन 'शोध' सारखे नाहीत. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होतेच. फोनोग्राफ एडिसनच्या आधी नव्हता. जे निसर्गात होते ते सापडणे वेगळे आणि जे नव्हते ते घडवणे वेगळे. पेटंट मिळते ते दुसऱ्या प्रकाराला. निसर्गाचा नियम किंवा गणितातले सूत्र कितीही थोर असले तरी त्याचे पेटंट होत नाही.

घडवलेली वस्तू किंवा रीत नवी असावी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी आणि उद्योगात उपयोगी पडणारी असावी, या तीन कसोट्या. त्या उतरल्या की सरकार आणि शोधक यांच्यात एक सौदा होतो. सरकार म्हणते, तुमची युक्ती इतकी स्पष्ट लिहून द्या की, जाणकार माणसाला ती वाचून वस्तू तयार करता आली पाहिजे. त्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणाला ती बनवता, वापरता किंवा विकता येणार नाही. २० वर्षे संपली की युक्ती सर्वांची. हा हक्क ज्या देशात मिळवला त्या देशापुरताच असतो. भारतातल्या पेटंटने जपानमधल्या कारखानदाराला अडवता येत नाही.

आपल्या देशात हा सौदा नवा नाही. १८५६ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या अभियंत्याने पहिला अर्ज केला. कशासाठी? तर पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढत माणसे दिवसभर बसत, त्यांचे काम हलके करण्याची ती युक्ती होती. सध्याचा कायदा १९७० सालचा आहे. तो १९७२ मध्ये अमलात आला आणि १९९९, २००२ व २००५ साली त्यात मोठे बदल झाले.

पेटंट हे या कुटुंबातले एकच भावंड आहे, हेही येथेच सांगून टाकतो. स्वयंपाकघरातला कुकर घ्या. वाफेचा दाब ठराविक मर्यादेत ठेवणारी झडप कोणी नव्या रीतीने बनवली तर त्या रीतीचे पेटंट होईल. कुकरचा दिसायला सुंदर असा नवा आकार 'डिझाइन' म्हणून नोंदवता येतो; त्याला आधी १० आणि मग आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. कुकरवरचे नाव हा व्यापारचिन्हाचा भाग. तो दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कितीही वर्षे चालवता येतो. एकाच भांड्यावर असे तीन वेगळे हक्क, तीन वेगळ्या कायद्यांखाली! पुष्कळ माणसे 'नावाचे पेटंट घेतले' असे म्हणतात. तुम्ही तरी म्हणू नका.

आता एक जुनी पण अतिशय बोधक हकिकत पाहू. जेम्स वॅटचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. न्यूकमेनच्या जुन्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तोच नळकांडा तापवायचा आणि तोच थंड करायचा, यात कोळसा फुकट जाई. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे ठेवावे, ही कल्पना वॅटला १७६५ साली सुचली. पेटंट मिळाले १७६९ मध्ये. पण पेटंट हाती आले म्हणून इंजिन तयार झाले नाही. पैसा लावणारा पहिला भागीदार जॉन रोबक कर्जात बुडाला. मग बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन पुढे आला. त्याने हिशेब केला, इंजिन नीट उभे राहीपर्यंत पेटंटची बरीच वर्षे उलटून गेलेली असतील. म्हणून १७७५ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घेऊन त्याने पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवली. कल्पना वॅटची होती. पण ती सांभाळणे, तिच्यासाठी पैसा उभा करणे, मुदतीचा विचार करणे, हे काम बोल्टनचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत वॅट असतो, बोल्टन नसतो. मला ही मोठी उणीव वाटते.

कथा येथेच थांबत नाही. वॅटला आपल्या इंजिनाची वरखाली होणारी गती चाकाच्या गोल गतीत बदलायची होती. त्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्रँक. सायकलचे पेडल जोडलेले असते तो दांडा आठवा, म्हणजे झाले. पण वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडण्याच्या रचनेवर १७८० साली जेम्स पिकार्ड या दुसऱ्याच माणसाचे पेटंट झाले होते. म्हणजे पाहा, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पेटंटचा मालक स्वतःच्या इंजिनाला साधा क्रँक लावू शकत नव्हता! पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. तो स्वतःला वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे. तुमच्या यंत्रात दुसऱ्याची युक्ती बसलेली असेल तर त्याची परवानगी काढावीच लागते.

मग वॅटच्या मंडळींनी काय केले? त्यांचा हुशार कारागीर विल्यम मर्डॉक याने 'सूर्य आणि ग्रह' नावाची दातेरी चाकांची जोडी योजली. एक चाक मधल्या आसावर पक्के, दुसरे इंजिनाच्या दांड्याला जखडलेले आणि पहिल्याभोवती ग्रहासारखे फिरणारे. १७८१ मध्ये वॅटने त्याचे पेटंट घेतले. या रचनेत दोन्ही चाकांना सारखेच दाते असले तर ग्रहाच्या एका प्रदक्षिणेत सूर्यचाक दोन फेरे घेते. (हे खरे वाटत नसेल तर पुठ्ठ्याची दोन चाके कापून पाहा. ग्रहचाक स्वतःभोवती फिरू द्यायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.) अडवणुकीतून अशी नवी रचना जन्माला आली. पण पिकार्डची मुदत १७९४ मध्ये संपल्यावर बोल्टन आणि वॅट यांनीही निमूटपणे क्रँकच वापरायला घेतला, कारण तो सोपा आणि स्वस्त होता.

या हकिकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८०० सालापर्यंतच्या लांबलेल्या मुदतीत वॅटच्या पेटंटने इतरांची वाट अडवली. जोनाथन हॉर्नब्लोअरचे दोन नळकांड्यांचे इंजिन त्या वादात सापडले. कॉर्नवॉलमधले खाणमालक वॅटला द्याव्या लागणाऱ्या पैशांवरून कुरकुरत राहिले. मुदत संपल्यावर काही वर्षांनी, १८११ पासून, याच कॉर्नवॉलमध्ये प्रत्येक खाणीतले पंपाचे इंजिन किती कोळशात किती पाणी उपसते, याचे आकडे दरमहा छापून सर्वांसाठी खुले होऊ लागले. एकाचे पाहून दुसरा सुधारू लागला आणि तेथील इंजिने काटकसरीत फार पुढे गेली. तेव्हा पेटंटने प्रगती होते की खुंटते, असा प्रश्न वक्तृत्व स्पर्धेत आला तर टाळ्यांसाठी एकच बाजू घेऊ नका. एकाच पेटंटने दोन्ही गोष्टी केल्या आहेत.

आता आपल्या माणसाकडे वळू. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईत १८६७ साली झाला. यंत्रांचे वेड घेऊन हा मराठी तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला. छापखान्यासाठी धातूचे खिळे ओतणारे वेगवान यंत्र हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. त्याला त्यांच्याच नावावरून 'भिसोटाइप' म्हणत. रतन टाटा यांनी त्यांच्या शोधांसाठी भांडवल दिले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्येच वारले. त्यांच्या नावावर अनेक पेटंटे होती. 'भारताचे एडिसन' असे लोक त्यांना म्हणत. असे असूनही आज त्यांचे यंत्र किती जणांना ठाऊक आहे? त्या काळात लिनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रे मोठमोठ्या छापखान्यांत पाय रोवून बसली होती. त्यांच्यामागे कारखाने होते, विकणारे होते, दुरुस्त करणारे होते. भिसे यांच्या कल्पकतेत काहीही उणे नव्हते असे मला वाटते. उणे होते ते टिकून राहणाऱ्या बोल्टनचे. पेटंटांचा गठ्ठा आणि चालता कारखाना यांच्यामधले अंतर केवढे असते, ते भिसे यांच्या आयुष्यावरून कळते.

याउलट जगदीशचंद्र बोस यांना पेटंटची कल्पनाच आवडत नसे. ज्ञानाचा बाजार मांडू नये, असे त्यांना वाटे. मित्रमंडळींच्या आग्रहावरून १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि १९०४ साली विद्युत्-लहरी ओळखणाऱ्या उपकरणाचे पेटंट त्यांना मिळाले. त्यात गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग होता. रेडिओच्या आरंभीच्या काळात असे स्फटिक घराघरांत पोचले, पण बोस यांनी त्या पेटंटपासून पैसा मिळवण्याची खटपट केली नाही. हे त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. न घेणे हाही एक निर्णय आहे आणि तो आदरणीय असू शकतो; फक्त तो अज्ञानातून झालेला नसावा.

अज्ञानाची किंमत काय पडते आणि वाचनाने ती कशी वाचते, हे हळदीच्या प्रकरणात दिसले. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले. आपल्याकडे खरचटले की आजी काय लावते, ते मी सांगायला नको! पण 'आमची आजी लावते' हे पेटंट कार्यालयात चालत नाही. तेथे छापील किंवा लिखित पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत लिखाण होते, तसेच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हे काम मोर्चा काढून झाले नसते. कोणीतरी शांतपणे बसून त्या पेटंटमधला एकेक दावा वाचला, आणि तो आधी कोठे लिहिला गेला आहे ते शोधून काढले.

आता तुमच्या घरचे, म्हणजे शाळेचे पाहू. विज्ञान प्रदर्शनात तुम्ही एखादे उपकरण मांडता, सर्वांना खुल्या मनाने समजावून सांगता, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग कोणी म्हणते, 'अरे, याचे पेटंट का घेत नाहीस?' पण पुष्कळदा तोवर उशीर झालेला असतो. जगाला सांगितलेली गोष्ट नवी राहत नाही, मग सांगणारे तुम्ही स्वतः का असेना. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांत वस्तू मांडली, तर नंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत कायद्यात आहे. तालुक्याच्या किंवा शाळेच्या प्रदर्शनाला ती आपोआप लागू होत नाही. वहीत तारीख घालून चित्र काढले होते, एवढ्यानेही भागत नाही. दोघांना एकच युक्ती सुचली तर आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क. म्हणून वस्तूत खरोखर काही नवे असेल तर प्रदर्शनाच्या आधी तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करावा आणि १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावे, अशी सोय आहे. घाई असेल तर हा चांगला मार्ग आहे.

शिक्षकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. अर्जात शोधकाचे नाव खरे असले पाहिजे. युक्ती मुलीची असेल तर नाव मुलीचे. मार्गदर्शक, मुख्याध्यापक आणि संस्थेचे अध्यक्ष यांची नावे आभाराच्या फलकावर शोभतात, तेथे ती खुशाल लिहावीत. दुसरे असे की, अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. या प्रसिद्धीला पेटंट मिळाले असे समजून पेढे वाटल्याच्या बातम्या येतात. प्रसिद्धी म्हणजे केवळ अर्ज लोकांसमोर ठेवणे. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते, तपासनीस शंका काढतो, उत्तरे द्यावी लागतात आणि मग निकाल. मिळाल्यानंतरही तिसऱ्या वर्षापासून दरसाल फी भरली नाही तर हक्क संपतो. कॉलेजांत पेटंटांची संख्या मोजून गुण देण्याची जी पद्धत आली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. कोणीही बनवणार नाही, कोणीही विकत घेणार नाही अशा वस्तूंचे कागद भिंतीवर टांगल्याने एकही यंत्र फिरत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कितीदा अर्ज केलास, असे विचारण्याऐवजी तुझ्या विषयातली किती पेटंटे वाचलीस, असे विचारावे.

वाचन खरोखर कठीण नाही, आणि त्याला पैसाही पडत नाही. जगभरची कोट्यवधी पेटंटे, आपल्या पेटंट कार्यालयाची धरून, इंटरनेटवर फुकट पाहता येतात. भाषा जरा वकिली थाटाची असते. पहिल्या वाचनात डोके गरगरेल. मात्र तिची रचना ठरलेली आहे. आधी चित्रे, मग पूर्वी काय होते आणि त्यात काय अडचण होती, मग नव्या रचनेचे वर्णन, आणि शेवटी क्रमांक घातलेले 'दावे'. खरी मेख दाव्यांत असते. मालकी तेवढ्याचीच, वर्णनात लिहिलेले बाकी सगळे सर्वांना शिकण्यासाठी. मुदत संपलेल्या किंवा फी न भरल्यामुळे बंद पडलेल्या पेटंटांतले तर सगळेच उचलून वापरावे. लहान कारखानदारांना हा खजिना ठाऊक नसावा, याचे मला फार आश्चर्य वाटते.

नववीच्या वर्गाने एका शनिवारी हा प्रयोग करावा. तुमच्या दप्तराची चेन कोणी शोधली? आजच्यासारखी चेन गिडियन सुंडबॅक याच्या अमेरिकन पेटंटमध्ये आहे. क्रमांक १२१९८८१, तारीख २० मार्च १९१७. ते काढा आणि आधी नुसती चित्रे पाहा. मग भिंग घेऊन आपल्या दप्तराच्या चेनचा एक दाता पाहा. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा दिसतो का? (प्लास्टिकची नागमोडी चेन असेल तर दिसणार नाही, मग पँटची धातूची चेन पाहा.) आता गुरुजींच्या मदतीने पहिला दावा मराठीत उतरवा आणि वर्गाचे दोन गट करा. एका गटाने दाव्यातला एकही शब्द न मोडता चेन बनवून दाखवायची, दुसऱ्याने तो दावा चुकवून बंद होणारी वेगळी चेन आखायची. दुसऱ्या गटाला मर्डॉकची आठवण झाली तर नवल नाही. नागमोडी चेनमध्ये दाते कोठे गेले, हा प्रश्न मात्र दोन्ही गटांनी मिळून सोडवावा.